विहिरीवरचा ताड आणि चार इटालियन बाटल्या

डहाणूला जाताना लोक चिकू आणायला रिकामी पिशवी नेतात. मी भरलेली नेली. तिच्यात इटलीच्या चार बाटल्या होत्या, दोन पांढऱ्या वाइनच्या आणि दोन लाल, आणि प्रत्येक बाटली माझ्या एकेका जुन्या स्वेटरात गुंडाळलेली होती. फेब्रुवारीत डहाणूला चार स्वेटर कशाला, असं नवऱ्याने विचारलं नाही. गेली सहा वर्षं त्याने मला काहीही विचारायचं सोडून दिलं आहे.

सहा वर्षांपूर्वी मी बँकेतली नोकरी सोडली आणि वाइन चाखायला शिकले. माहेरी-सासरी मिळून एकच मत पडलं, की हिला पन्नाशीत दारूचं वेड लागलं. मी परीक्षा दिल्या, मागच्या वर्षी तीन आठवडे इटलीतले द्राक्षमळे हिंडून आले, आणि परत आल्यावर मुंबईच्या एका आयातदाराने मला एक काम दिलं. कोणत्या वाइनला कसला वास आणि कशी चव, हे मराठी वाचकाला समजेल असं एका पुस्तिकेत लिहायचं. मला वाटलं, आठ दिवसांत उरकेल. लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. इंग्रजीत सगळं तयार होतं: चेरी, व्हायलेट, देवदार, जुनं चामडं. पण माझ्या वाचकाने व्हायलेटचं फूल कधी हुंगलंय? मीच ते आयुष्यात पहिल्यांदा मागच्या वर्षी हुंगलं. ज्याचा वास ठाऊक नाही त्याची उपमा देणं म्हणजे आंधळ्याने बहिऱ्याला वाट दाखवणं.

म्हणून शब्द शोधायला लहानपणीच्या मुलखात जाते, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला हुंगायला ज्या माणसाने शिकवलं, त्याची नोकरी मी नऊ वर्षांची असताना माझ्या एका वाक्यामुळे गेली होती. तो माणूस अजून आहे आणि तलासरीकडे लेकीपाशी राहतो, हे दिवाळीत एका वर्गमैत्रिणीकडून कळलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याला भेटून माफी मागायची, एवढंच खरं काम होतं. बाटल्या हे निमित्त.

डहाणू, वाणगाव

डहाणू स्टेशनाबाहेर पडलं की अजूनही आधी सुक्या मासळीचा वास येतो आणि मग समुद्र दिसतो. बाजारात मराठीत विचारलेल्या भावाला गुजरातीत उत्तर मिळतं आणि घासाघीस हिंदीत होते. मी समुद्राकाठी एका वाडीत खोली घेतली होती. दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण आणि कैरी घातलेलं सुकं होतं. इटलीत पिएमोंतेच्या टेकड्यांत माझ्यापुढे पांढऱ्या ट्रफलचे, म्हणजे सोन्याच्या भावाने विकतात त्या अळंबीचे, पातळ काप घातलेला पास्ता ठेवला होता, तेव्हा सगळं टेबल डोळे मिटून बसलं होतं. मीही मिटले होते, शिष्टाचार म्हणून. डहाणूत ते कालवण जेवताना डोळे आपोआप मिटले, आणि वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिखट लागलं काय?"

संध्याकाळी वाणगावला गेले. माझे वडील वाणगावच्या पुढे एका लहानशा निवासी शाळेत मास्तर होते. शाळा केव्हाच बंद पडली, तिच्या जागी आता ढोबळ्या मिरचीची शेती आहे. आमचं घर नाही, वर्ग नाहीत. विहीर मात्र होती, आणि विहिरीवरचा ताडही होता. त्याला बघून मला इतका आनंद झाला आणि इतकी लाजही वाटली, की मी मिरची बघायला आल्याचं सोंग करून परत फिरले.

हा ताड शाळेचा होता. रूपजीकाका शाळेच्या मळ्यात कामाला होते, जमातीने वारली, आणि पहाटे या ताडावर चढून नीरा उतरवायचे. आम्ही पोरं पेले घेऊन रांगेत उभी राहायचो. माझे बाबा नीरेचे भक्त आणि ताडीचे वैरी. खरं तर दोन्ही एकाच झाडाच्या लेकी, ऊन चढलं की नीरेचीच ताडी होते. घरातलाच शत्रू असल्यामुळे बाबांचं वैर जास्त कडक होतं. काकांचा स्वतःचा एक ताड होता, शाळेच्या कुंपणापलीकडे त्यांच्या शेताच्या बांधावर. त्याची ते ताडी काढायचे आणि संध्याकाळी घरी प्यायचे. त्याला कुणाची हरकत नव्हती.

काकांची लेक मंजुळा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसायची. आम्हा दोघींना काका झाडपाला हुंगायला देत. डोळे मिट, नाक आधी, जीभ मग. हे कुठलं पान, ही कुठल्या विहिरीची माती, ही नीरा आजची की कालच्या मडक्यातली. मंजुळा कंटाळून पळायची. मी चिकटून बसायचे.

एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात आम्ही सागरगोटे खेळत होतो. कोपऱ्यात ताडीचं मडकं होतं. मी कुणाचं लक्ष नाही बघून त्यात बोट बुडवलं आणि चाखलं, आणि चाखून धीर आल्यावर आणखी दोनदा बुडवलं. घरी गेल्यावर बाबांना वास आला. त्यांनी विचारलं, कुणाकडची ताडी? मी सांगितलं, रूपजीकाकांकडची. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मला माझ्या नाकाची ऐट होती. मी छाती पुढे काढून म्हणाले, "विहिरीवरच्या ताडाची आहे."

मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. विहिरीवरचा ताड म्हणजे शाळेचा ताड, आणि शाळेच्या नीरेची ताडी करून पिणं म्हणजे चोरी, हे नवव्या वर्षी डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची झोपडी रिकामी होती, आणि माझ्या बाकावर मी एकटी होते.

घोलवड, आणि थोडासा गुजरात

वाणगावहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भरतभाईंची भाड्याची गाडी आली. भरतभाई डहाणूचेच, साठीचे, देवभोळे. तलासरीला जायचं तर सरळ हायवेने जाता येतं, पण समुद्राची बाजू दाखवतो म्हणून त्यांनी घोलवडकडे गाडी घातली. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या, खाली जमीन दिसणार नाही इतकी दाट सावली. एका वाडीबाहेर चिकूच्या चकत्या उन्हात सुकत होत्या. मी गाडी थांबवून मूठभर विकत घेतल्या आणि हुंगत बसले. मला इटलीतल्या व्हेरोनाजवळचं एक कोठार आठवलं. तिथे आमारोने नावाच्या लाल वाइनसाठी द्राक्षं तोडल्यावर तीन-चार महिने माळ्यावर सुकत ठेवतात आणि मग त्यांचा रस काढतात. त्या माळ्यावर असाच गोड, जुना, जरासा धुळकट वास होता. वहीत मी लिहिलं, "सुकवलेला चिकू." हा माझा पहिला मराठी शब्द.

या आनंदात आम्ही बोर्डीच्या पुढे कुठे वळायचं ते चुकलो. गप्पांच्या भरात मला कळलंच नाही, आणि एकदम एका दुकानावरची पाटी गुजरातीत दिसली. मी विचारलं, "भरतभाई, आपण कुठे आहोत?" ते शांतपणे म्हणाले, उंबरगावच्या अलीकडे, दोन मिनिटांपूर्वी गुजरात लागलं, इथून संजाणवरून तलासरी जवळच पडते. मी म्हटलं, "माझ्या पिशवीत वाइनच्या चार बाटल्या आहेत."

भरतभाईंनी गाडी जागच्या जागी उभी केली. गुजरातेत दारूबंदी आहे हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "वाइन म्हणजे दारू काय?" त्यांनी विचारलं. गेली सहा वर्षं मी सासरच्या मंडळींना वाइन ही दारू नाही, संस्कृती आहे, असं समजावत आले आहे. त्या क्षणी मी म्हणाले, "हो, दारूच." त्यांनी डॅशबोर्डावरच्या देवाला हात जोडले, गाडी वळवली आणि महाराष्ट्र लागेपर्यंत दामटली. मग म्हणाले, "बेन, आधी बोलायचं ना."

आधी बोलायचं किंवा बोलायचंच नाही. मला आयुष्यात यातलं काहीच धड जमलेलं नाही.

तलासरीच्या पलीकडे

तलासरी सोडून उधव्याच्या वाटेला लागलं की जमीन वर चढू लागते. भात कापून गेलेलं, शेतं पिवळी, मधे मधे ताड आणि मोह. पाड्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मंजुळाचं घर पक्कं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे वांगी आणि मिरची. ती भाजी पिकवते आणि तलासरीच्या बाजारात नेऊन विकते. मला पाहून ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी तिला ओळखलं, हनुवटीवरच्या तिळावरून. तिनेही मला ओळखलं, पण म्हणाली, "या ताई. बसा."

एका बाकावर बसणाऱ्या मुलीने मला ताई म्हटलं, तेव्हा आमच्यातलं अंतर कळलं.

रूपजीकाका खाटेवर बसले होते. ऐंशीच्या वर गेलेले, अंग वाळलेलं, डोळ्यांत फूल पडलेलं. मी जवळ गेले आणि काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मास्तरची बाय." मी विचारलं, कसं ओळखलंत? त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि हसले. नंतर मंजुळाने सांगितलं, की माझी वर्गमैत्रीण आठवड्यापूर्वी फोनवर बोलली होती. म्हातारा गंमत करत होता.

माफीचं वाक्य मी पुण्याच्या घरातून निघाल्यापासून पाठ करत आले होते. ते काही तोंडातून निघेना. म्हणून मी बाटल्या काढल्या. तेव्हा लक्षात आलं, की काचेचे पेले डहाणूच्या खोलीवरच राहिले. मंजुळाने स्टीलचे पेले आणले. काकांनी रिकामा पेला नाकाशी नेला आणि परत दिला. त्याला साबणाचा वास येतो, म्हणाले. तिने मुकाट्याने पेले राखेने घासून, तीनदा विसळून आणले. व्हेरोनात आमच्या शिक्षिकेने रिकामा पेला असाच हुंगून परत पाठवला होता, आणि आम्ही सगळे तिच्या सूक्ष्म नाकाने भारावलो होतो.

पहिली सोआवे. ही व्हेरोनाकडची पांढरी वाइन, ज्वालामुखीच्या काळ्या मातीतल्या द्राक्षांची, रंगाने फिकट गवती. काकांनी तिच्यात बोट बुडवलं, तीन थेंब जमिनीवर टाकले, "धरतरीला", आणि मग पेला नाकाशी नेला. मी माझा घोट तोंडात फिरवला आणि सवयीने बाजूच्या घमेल्यात थुंकले.

काकांना दिसलं नाही, पण ऐकू आलं. "काय झालं? खराब हाय?"

मी समजावलं, की चाखणारे लोक थुंकतात, पोटात गेली तर पुढची नीट कळत नाही. तिकडे धरतरीला पण थुंकूनच देतात काय, असं काकांनी विचारलं. मंजुळा इतका वेळ दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. त्यानंतर मी एकही घोट थुंकले नाही. माझ्या शिक्षिकेने मला क्षमा करावी.

सोआवेच्या शेवटी जिभेवर एक बारीक कडवटपणा राहतो. पुस्तकं त्याला कडू बदाम म्हणतात. काका म्हणाले, समुद्राकाठचा लाल पानांचा बदाम फोडून पोरं बी खातात, त्या बीवरची साल. मी वहीत लिहिलं. दुसरी व्हेर्मेन्तिनो, सार्डिनिया बेटावरची. तिथे वारा इतका, की द्राक्षांच्या वेली जमिनीला धरून वाढतात. ती चाखून काकांनी लिंबू सांगितलं आणि मग खारी हवा, बोंबील वाळत घालायचे बांबू असतात त्यांची, बोंबील काढून नेल्यावर. मला हसू आलं, कारण ते अगदी बरोबर होतं. मी हे सहा परीक्षकांपुढे कधी म्हणू शकले नसते.

तिसरी आमारोने. काळपट लाल, दाट, जड. मी चिकूच्या चकत्या त्यांच्या हातावर ठेवल्या. काकांनी चकती हुंगली, पेला हुंगला, चकती बाजूला ठेवली आणि मान हलवली. "चिकू नाय, बाय. ही आपली मोहाची फुलं. वेचून सुकवलेली. चैतातली." मी पुन्हा हुंगले. मोहच होता. कणगीत भरलेली, मनुकांसारखी आक्रसलेली, मादक मोहाची फुलं. दोन दिवसांत मी स्वतः शोधलेला एकुलता एक शब्द मी खोडला.

शेवटची बारोलो. पिएमोंतेच्या धुक्यातल्या टेकड्यांची ही लाल वाइन, मानकऱ्यांत मानकरी. रंग तिचा दिसायला फिकट, विटेसारखा, आणि चव मात्र हिरड्या आवळणारी. माझ्या वहीत तिचं वर्णन पुरं झालेलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता: व्हॅनिला, देवदार, भाजलेली कॉफी. काकांनी पेला खूप वेळ नाकापाशी धरला. धरतरीचे थेंब दिले, एक घोट घेतला.

"ह्याच्यात झाड हाय," ते म्हणाले. "पण मडकंच बोलतंय. झाडाला बोलू देत नाय."

व्हॅनिला, देवदार, कॉफी, हे तिन्ही वास द्राक्षाचे नसतातच. ओकच्या नव्या छोट्या पिंपात वाइन ठेवली की लाकडातून ते उतरतात. ज्या मळ्यातून ही बाटली आणली, तिथे बापलेकांचं याच गोष्टीवरून बोलणं बंद होतं. बाप म्हणायचा, पिंप मोठं आणि जुनं हवं, ज्याला स्वतःचा वास उरलेला नाही. लेकाने नवी छोटी पिंपं आणली होती, त्यात वाइन लवकर गुळगुळीत होते. मी पाहुणी, मी दोघांच्याही तळघरात जाऊन वा वा करून आले होते. आणि वर्णन लिहिताना सगळं पिंपाचंच लिहून ठेवलं होतं.

काका म्हणाले, ठेव तो पेला, मडक्याला बोलून घेऊ दे. अर्धा तास तो खाटेखाली राहिला. मंजुळाने नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण वाढलं. मग काकांनी पेला उचलून माझ्या हाती दिला. मी डोळे मिटले. आता त्यात गुलाब होता, पण ताजा नव्हे, देवावरून काढलेल्या निर्माल्यातला. मागे होडीला लावतात तसलं डांबर. चव अर्ध्या कच्च्या टेंभुरणीच्या फळाची, तुरट. पुस्तकं बारोलोला गुलाब आणि डांबर म्हणतात, ते मी शंभरदा वाचलं होतं. निर्माल्याचं मात्र कुठे वाचलं नव्हतं.

"आता झाड," काका म्हणाले.

माफीचं वाक्य तेव्हाच निघालं, पाठ केलेलं नव्हे, भलतंच. मी म्हणाले, "काका, तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मी खरं सांगायला नको होतं."

मंजुळा ताट उचलत होती, ती थांबली. ती काकांच्या आधी बोलली, आवाज न चढवता. म्हणाली, त्या साली ते सगळे वलसाडकडे वीटभट्टीवर गेले, पुढच्याही साली गेले. तिची शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. माझे बाबा तुम्हाला हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते, ताई. एवढं बोलून तिने ताट उचललं, पण आत गेली नाही.

काकांनी माझ्या हातातला पेला चाचपून परत घेतला. मग म्हणाले, "तू खरं कुठं सांगितलंस?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"झाड चुकलीस तू. इहिरीवरचं नव्हतं. बांधावरचं होतं, माझं."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्या आठवड्यात त्यांचं ताडीचं मडकं फुटलं. शाळेच्या नीरेचं एक जुनं, कान तुटलेलं मडकं टाकून दिलेलं होतं, ते त्यांनी आणलं आणि आपल्या ताडाला बांधलं. वर्षानुवर्षं विहिरीवरच्या ताडाची नीरा त्या मडक्यात मुरलेली. मी रोज पहाटे तीच नीरा प्यायचे, म्हणून बोट चाखल्याबरोबर मला विहिरीवरचा ताड ओळखीचा लागला. "तू मडकं वाचलंस," ते म्हणाले. "झाड वाचलंच नाय. मला लय लागलं ते. मीच नीट शिकवलं नाय."

पंचेचाळीस वर्षं मी असं धरून चालले होते, की माझ्या खरेपणाने एका माणसाचं घर उठलं. त्यात दुःख होतं, पण थोडा मानही होता, हे आता कबूल करते. तो मानही गेला. मी खोटं बोलले होते, आणि ऐटीत बोलले होते. मी विचारलं, मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलंत? तुमचाच ताड, तुमचीच ताडी. एवढं सांगितलं असतंत तर बाबा दुसऱ्या क्षणी गप्प बसले असते.

"सांगितलं असतं तर तू खोटी पडली असतीस," काका म्हणाले. "खोटं बोलणाऱ्या पोराला मास्तर काय करायचे, तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. दिवसभर उपाशी, ओसरीत उभं. दोनदा मी ते भोगलं होतं, आणि दोन्ही वेळा दुपारी कुणीतरी ओसरीच्या खांबामागे पानात गुंडाळलेले ताडगोळे ठेवून गेलं होतं. कुणी, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना हे कळलं असतं तर ते पाड्यापर्यंत चालत आले असते, असं मला वाटतं, आणि मला रडू आवरलं नाही. स्वतःचं काही वाचावं म्हणून त्यांनी माझी चूक अंगावर घेतली असती तर मी समजू शकले असते. त्यांनी माझा एक उपवास टाळला होता. आणि त्यात मंजुळाची शाळा गेली होती. हे हिशोबात बसणारं नाही, आणि मी ते बसवायला जाणारही नाही.

मंजुळाने हे याआधी ऐकलं होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती घमेलं उचलून विसळायला गेली.

निघताना काका म्हणाले, उद्या ये, सूर्य वर यायच्या आत.

पाड्यावर, सकाळी

हायवेवरच्या एका लॉजमध्ये रात्र काढली आणि साडेसहाला पाड्यावर हजर झाले. भरतभाई गाडीतच चहा पीत बसले, "दारूत आपलं काम नाही" म्हणून. हवेत गारवा होता. मंजुळाचा नवरा आताच झाडावरून उतरला होता. त्याच्या कमरेला कोयता, आणि हातात प्लास्टिकचे दोन डबे. मडकी आता कुणी बांधत नाही, ती फुटतात आणि डबे फुटत नाहीत. काका म्हणाले, बरं झालं, डब्याला जीभ नसते.

त्यांनी दोन स्टीलचे पेले भरून घेतले. एकात ओढ्याकाठच्या ताडाची नीरा, एकात माळावरच्या. दोन्ही पांढुरक्या, वर बारीक फेस. माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "सांग. कुठली कुठल्या झाडाची?"

मंजुळा दारात येऊन उभी राहिली.

मी दोन बोटं बुडवून धरतरीला थेंब दिले. डोळे मिटले. नाक आधी, जीभ मग. पहिली जराशी पातळ लागली, दुसरी गोडीला किंचित जास्त, पण पुन्हा पहिली घेतल्यावर तीच गोड वाटली. मी परीक्षा पास केलेली बाई, तीन आठवडे इटलीत जिभेचे लाड करून आलेली. अंदाज ठोकून द्यावा असं अगदी ओठांवर आलं. पहिली ओढ्याकाठची म्हणाले असते, तर निम्मी शक्यता बरोबर ठरण्याची होतीच.

मी डोळे उघडले आणि म्हणाले, "काका, मला नाही सांगता येत."

बोलली मंजुळा. दारातून, हसत नव्हे आणि रागातही नव्हे, तिने मला पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा तू म्हटलं.

"हे तवा बोलली असतीस तर."

मग ती येऊन माझ्या शेजारी खाटेवर बसली, जशी बाकावर बसायची तशी, आणि तिने माझ्या हातातला पेला काढून घेऊन एक घोट घेतला. "माळावरची," ती म्हणाली.